चाखेसाहेब थुंकत नाहीत

वजन उतरवायचं ऑपरेशन झाल्यावर आता काय काय सोडावं लागेल ते डॉक्टर सांगत होते आणि चाखेसाहेब समजूतदारपणे मान डोलवत होते. भराभर जेवणं सोडायचं, ठीक. जेवताना पाणी पिणं सोडायचं, तेही ठीक. "आणि गोड नि तुपकट, दोन्ही फार जपून," डॉक्टर म्हणाले. "आइस्क्रीम तर विसराच." इथे मात्र मान डोलायची थांबली, कारण चाखेसाहेब आइस्क्रीमच्या कारखान्यात मुख्य आस्वादक होते.

खरं म्हणजे डॉक्टरांनी हे ऑपरेशनच्या आधीही सांगितलं होतं. पण तेव्हा चाखेसाहेबांचं सगळं लक्ष भिंतीवरच्या चित्रातल्या सडपातळ माणसाकडे होतं. तो माणूस एका हाताने आपली जुनी विजार पुढे ताणून धरून हसत होता. आपणही असंच ताणून हसायचं, या विचारात साहेब इतके रंगले होते की पथ्यपाण्याचं सगळं बोलणं डोक्यावरून गेलं.

चाखेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हे. कारखान्यात निघणाऱ्या प्रत्येक घाण्याचा पहिला कप त्यांच्या टेबलावर येई, ते तो चाखत, आणि त्यांनी हो म्हटल्याशिवाय एक डबा बाहेर जात नसे, म्हणून हे नाव पडलं. बाकीच्या कारखान्यांतले आस्वादक घास जिभेवर घोळवतात आणि पुढ्यातल्या तसराळ्यात थुंकून टाकतात. तशी रीतच आहे, कारण दिवसभरात वीस-पंचवीस कप कोण गिळणार? पण चाखेसाहेब गिळत. आइस्क्रीमची खरी परीक्षा जिभेवर होत नाही, ते घशाखाली उतरल्यावर मागे काय उरतं त्यावर होते, असं त्यांचं ठाम मत होतं. कारखान्याने दिलेल्या तसराळ्यात त्यांनी मनीप्लांट लावला होता आणि तो खिडकीपर्यंत पोचला होता. इतरांची नोकरी पोट भरते, साहेबांच्या नोकरीने ते वाढवलं. वाढता वाढता इतकं वाढलं की ऑपरेशनची पाळी आली.

"मग आता थुंका की," सौ. म्हणाल्या. त्या शाळेत गणित शिकवायच्या, त्यामुळे कुठलाही प्रश्न त्यांना दोन ओळींत सुटलेला आवडे. "चव घ्यायची, थुंकायचं. नोकरी राहिली, पोटही राहिलं."

"थुंकू? मी?" चाखेसाहेब अंथरुणातून उठून बसले. टाके ओढले गेले, पण अपमान त्याहून जास्त ओढला गेला. "अगं, गवयाला कुणी सांगतं का, सूर लावा पण आवाज काढू नका?"

"गवयाचं आतडं कापून वर जोडलेलं नसतं."

हा मुद्दा बिनतोड होता. डॉक्टरांनी पोटाची पिशवी अंड्याएवढी करून आतडं तिला थेट जोडून टाकलं होतं. पूर्वी गोड पदार्थ पोटात ऐसपैस मुक्काम करून मग पुढे जायचा, आता तो धाडकन आतड्यात कोसळणार होता. मग छाती धडधडते, घाम फुटतो, पोटात कळा येतात आणि माणसाला जिथे असेल तिथे आडवं व्हावंसं वाटतं.

पण साहेबांना आडवं होऊन चालणार नव्हतं. कारखान्याच्या मालकीणबाईंनी बिनसाखरेचं नवं आइस्क्रीम काढायचं ठरवलं होतं. दुकानदारांना बोलावून त्याचा मोठा समारंभ व्हायचा होता, आणि "चाखेसाहेब हो म्हणाले तरच," असं बाईंनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं. हे ऐकून अभिमानाने साहेबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं, आणि त्या महिन्यात चढलेलं तेवढंच मांस डॉक्टरांना खटकलं नाही. पण साहेब गेले नाहीत तर त्यांचं टेबल मॅनेजरकडे जाणार होतं. मॅनेजर थुंकणाऱ्यांपैकी होता. मनीप्लांट बाहेर हलवायला त्याने त्याची मापंसुद्धा घेऊन ठेवली आहेत अशी बातमी होती.

तेव्हा पोटाला पुन्हा गोडाची सवय लावायची, असं साहेबांनी ठरवलं. बेत छोटासाच होता. डॉक्टरांनीही कुरकुरत परवानगी दिली. आधी अंडं किंवा दही असं काही खा, त्यावर अगदी अर्धा छोटा चमचा गोड, वर पाणी नाही, आणि एकटे असताना नाही. "एकटे असताना नाही" ही शेवटची अट फार चुकली, कारण ती ऐकून सगळी इमारत मदतीला धावली.

वरच्या मजल्यावर हवामानवाले अण्णा राहत. ते हवामान खात्यातून निवृत्त झाले होते, पण अंदाज वर्तवायची सवय निवृत्त झाली नव्हती. ते हातात घड्याळ घेऊन आले. समोरच्या शिवणवहिनी आल्या. त्या साहेबांच्या विजारी दर पंधरवड्याला आत घेत असल्यामुळे या वजनाशी त्यांचं जिव्हाळ्याचं नातं जडलं होतं.

"घाबरू नका भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "नवं कापड शिवायच्या आधी पाण्यातून काढतो ना आपण? तसं पोटाला थोडं थोडं गोड दाखवत राहायचं. मग ते आटत नाही."

"आटवायलाच तर कापलंय," सौ. म्हणाल्या.

अण्णांनी साहेबांच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटले. "वारे शांत आहेत. किरकोळ गडगडाट संभवतो. खाऊन घ्या."

साहेबांनी अंडं खाल्लं. मग अर्धा चमचा व्हॅनिला तोंडात ठेवला. किती दिवसांनी! जिभेवर थंडगार साय पसरली आणि त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग चौघंही त्यांच्या पोटाकडे बघत बसले. पंख्याचा आवाज येत होता. अर्धा तास गेला. काही झालं नाही.

"काही नाही?" अण्णांनी विचारलं.

"काही नाही!" साहेब ओरडले.

मग जो आनंद झाला तो काय सांगावा! अण्णांनी साहेबांचा हात हातात घेऊन गदागदा हलवला, वहिनींनी पदराने डोळे पुसले, आणि एरवी शंभरपैकी शंभर मिळवणाऱ्या पोरांचंही कौतुक न करणाऱ्या सौ.सुद्धा "बरं झालं बाई" म्हणाल्या. साहेब खोलीभर फेऱ्या मारत होते. अर्धा चमचा पचला म्हणजे एक पचणार, एक पचला म्हणजे कप पचणार! सौ.नी सांगून पाहिलं की हे गणित असं चालत नाही. पण त्या आनंदात गणित कोण ऐकणार?

दुसऱ्याच दिवशी साहेबांना वाटलं, गोडाची परीक्षा झाली, तुपकटाची राहिली. आइस्क्रीममध्ये साय असते, तेव्हा लोण्याचाही सराव हवा. त्यांनी पावाच्या तुकड्यावर सिमेंटच्या थराइतकं लोणी थापून खाल्लं आणि प्रसन्न मनाने खाली इमारतीच्या सभेला जाऊन बसले. विषय होता नवा सचिव निवडण्याचा. हे काम कुणालाच नको असल्यामुळे सगळे जण आपापल्या चपलांकडे बघत होते. "कुणी तयार आहे का?" अध्यक्षांनी विचारलं, आणि नेमकं त्याच क्षणी साहेबांच्या पोटातलं लोणी आतड्यात उतरलं. साहेब ताडकन उठले, वाट द्या म्हणून त्यांनी हात वर केला आणि दाराकडे धावले. मागे टाळ्यांचा कडकडाट झाला. बऱ्याच वेळाने फिक्या चेहऱ्याने ते परत आले तेव्हा ते एकमताने सचिव झाले होते, आणि पाण्याच्या टाकीची किल्ली त्यांच्या खुर्चीवर ठेवलेली होती.

इथे एखादा शहाणा माणूस थांबला असता. पण साहेबांचं म्हणणं पडलं की लोण्याचा दोष आइस्क्रीमच्या माथी का मारायचा? म्हणून तिसरा प्रयोग त्यांनी सौ. शाळेत असताना शिवणवहिनींकडे केला. एकटं असायचं नाही ही अट पाळली होती, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायला हवं. समारंभासाठी नवी विजार बेतायची होती. वहिनी टाचण्या लावत होत्या आणि साहेब स्टुलावर उभे राहून चॉकलेटचा आख्खा कप खात होते.

"हलू नका भाऊजी," टाचण्या तोंडात धरूनच वहिनी म्हणाल्या.

"हलत नाही," साहेब म्हणाले, आणि हलले. आधी कानामागून घामाची धार लागली. मग छाती अशी धडधडू लागली की वहिनींना वाटलं, शिवणयंत्र चालूच राहिलं. "वहिनी, मला आडवं व्हायचंय."

"अहो, असे कसे आडवे होणार? मागे टाचण्या आहेत!"

"मग पालथा होतो."

"पुढेही आहेत!"

तेव्हा एक अर्धवट शिवलेला माणूस वहिनींच्या कापड बेतायच्या टेबलावर कुशीवर पडून कण्हतो आहे, वहिनी त्याच्या कमरेतून एक एक टाचणी काढताहेत, आणि गोंधळ ऐकून खाली आलेले अण्णा दारात उभे राहून "दोन तासांत निवळेल" असा अंदाज देताहेत, अशा अवस्थेत शाळेतून परतलेल्या सौ.नी त्यांना पाहिलं. त्या काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, असं साहेबांना पुढे बरेच दिवस वाटत राहिलं.

इतक्यात कारखान्यातून निरोप आला. कामावर यायचं तर डॉक्टरांचा दाखला हवा, आणि त्यात "गोड व स्निग्ध पदार्थ खाण्यास सक्षम" असं स्पष्ट लिहिलेलं हवं. साहेब दाखला मागायला गेले.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "म्हणजे मी ज्यासाठी तीन तास उभा राहून तुमचं पोट लहान केलं, त्याच्यावर आता आइस्क्रीम ओतायला माझीच सही?"

"ओतायला नाही हो. चाखायला."

"मग थुंका."

जगात सगळ्यांना एकच उपाय सुचतो याचं साहेबांना फार वाईट वाटलं. शेवटी बऱ्याच घासाघिशीनंतर डॉक्टरांनी "हलके काम करण्यास हरकत नाही" एवढंच लिहून दिलं. ते घेऊन साहेब कारखान्याच्या आस्थापना विभागात गेले. तिथल्या कारकुनाने कागद उलटसुलट करून पाहिला.

"चाखणं हे हलकं काम आहे की जड?" त्याने विचारलं.

"तुम्हाला काय वाटतं?"

"मला वाटून काय उपयोग? नियमात काय आहे ते बघतो." त्याने नियमांचं पुस्तक काढलं. त्यात कामाचं हलकं-जड हे उचलायच्या वजनावरून ठरत होतं. मग साहेबांचा चमचा मागवण्यात आला. तो गोदामातल्या मोठ्या वजनकाट्यावर ठेवला, तर काटा जागचा हललाच नाही. कारकुनाने दोनदा टिचकी मारून खात्री केली आणि गंभीरपणे शेरा मारला, "अत्यंत हलके काम." अशा रीतीने चाखेसाहेब रुजू झाले. त्या पोटाला काय झेपतं हा प्रश्न कुठल्याच विभागाच्या अखत्यारीत येत नव्हता.

समारंभाच्या दिवशी साहेब नव्या विजारीत असे काही ऐटीत निघाले की अण्णांनी वरून हात हलवून "आकाश निरभ्र!" अशी आरोळी दिली. आणि काळजी तरी कसली होती? आजचं आइस्क्रीम बिनसाखरेचं. सायही जेमतेम. म्हणजे इतक्या दिवसांनी ज्याला भ्यायचं कारण नाही असा कप पुढ्यात येणार होता. लिफ्टची वाट न बघता साहेब जिन्यानेच वर गेले, आणि वर पोचल्यावर आपल्याला धाप लागली नाही हे लक्षात येऊन पुन्हा एकदा खूश झाले.

सभागृहात पांढरी टेबलं मांडली होती आणि दुकानदार दाटीवाटीने बसले होते. मालकीणबाई पहिल्या रांगेत होत्या. सत्तरीच्या, बारीक चणीच्या बाई आज जागेवर बसायलाच तयार नव्हत्या. त्यांनी साहेबांना बाजूला घेतलं.

"चाखेसाहेब, एक सांगते, हसू नका. मला साखरेचा आजार जडल्यापासून मी आपलं आइस्क्रीम तोंडात घातलेलं नाही. स्वतःचा कारखाना, आणि मी नुसती डबे बघते. हे मी दुकानदारांसाठी काढलेलंच नाही हो, माझ्यासाठी काढलंय. सकाळपासून लहान पोरीसारखं झालंय मला. आत्ताच रक्तातली साखर मोजून आले. अगदी शहाण्यासारखी आहे."

या बाईंना आपण पोटाचं किरकोळ ऑपरेशन झालं एवढंच सांगितलंय, हे साहेबांना फार लागलं. पण तेवढ्यात मॅनेजरने कप आणला.

साहेबांनी पहिला चमचा जिभेवर ठेवला. बिनसाखरेच्या सगळ्या पदार्थांना शेवटी एक बारीक कडवट चव असते, आणि साहेब तिचीच वाट बघत होते. त्यांनी घास गिळला, वाट पाहिली. कडवटपणा आलाच नाही! दुसरा चमचा, तिसरा, आख्खा कप संपला. गोड, गोल, मऊ चव घशात रेंगाळत राहिली.

"किमया!" साहेब टेबलावर हात आपटून म्हणाले. "माझ्या आख्ख्या नोकरीत असं बिनसाखरेचं आइस्क्रीम मी खाल्लेलं नाही! हो, हो, शंभरदा हो!"

टाळ्या पडल्या. मॅनेजरने छाती फुगवली. बाईंनी आपला कप घेतला, पहिला घास घेतला आणि त्यांचा चेहरा असा काही उजळला की दुकानदारांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. साहेबांना दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. ते उभे राहिले आणि चव या विषयावर बोलू लागले. ते छान बोलत होते. घशाखाली उतरल्यावर मागे काय उरतं, यावर ते आले, आणि त्यांच्या कानामागून घामाची धार लागली.

असं कसं होईल, असं त्यांना वाटलं. भाषणाचा घाम असेल. पण मग छातीत शिवणयंत्र सुरू झालं. पोटात कळ आली. ही कळ ओळखीची होती, चॉकलेटच्या कपाची सख्खी बहीण. समोर बाई दुसरा कप हातात घेत होत्या.

आता साहेबांपुढे दोनच रस्ते होते. पोट दुखतंय म्हणून गुपचूप बाहेर जायचं, अब्रू सांभाळायची. किंवा आत्ताच ज्या जिभेने शंभरदा हो म्हटलं, ती जीभ साफ फसली असं शंभर माणसांसमोर सांगायचं. साहेब टेबल धरून क्षणभर उभे राहिले. बाईंचा चमचा तोंडाशी गेला होता.

"खाऊ नका!" साहेब ओरडले. "बाई, ठेवा तो! साखर आहे त्यात!" आणि ते टेबलाखाली जाऊन कुशीवर आडवे झाले.

एकच हलकल्लोळ उडाला. दुकानदारांनी पटापट कप खाली ठेवले. मॅनेजर टेबलाखाली वाकला. "काय बोलताय साहेब? डब्यावर लिहिलंय, पिंपावर लिहिलंय, साखर नाही म्हणून!"

"पिंपावर काय लिहिलंय ते माझ्या पोटाला वाचता येत नाही," साहेब खालून कण्हत म्हणाले. "माझ्या पोटाला फक्त साखर कळते. माझं ते ऑपरेशन किरकोळ नव्हतं, बाई. माझं पोट कापून अंड्याएवढं केलंय. साखर गेली की मी असा पडतो. चवीचं माझं चुकलं. कडवटपणा नाही म्हणून मी नाचलो. तो नव्हता तेव्हाच ओळखायला हवं होतं."

हे सगळं ते टेबलक्लॉथच्या आतून बोलत होते, त्यामुळे मागच्या रांगेतल्यांना वाटलं, टेबलच बोलतंय. बाई मात्र खुर्चीवर बसल्या. त्यांनी पर्समधून आपलं साखर मोजायचं यंत्र काढलं, बोटाला सुई टोचली. सगळे त्या चिमुकल्या पडद्याकडे बघू लागले. बाईंनी आकडा पाहिला आणि यंत्र मॅनेजरपुढे धरलं. मॅनेजरचा चेहरा आइस्क्रीमसारखा वितळला.

पुढचं फार लवकर उलगडलं. नव्या व्यापाऱ्याकडून गोडव्यासाठी घेतलेल्या पाकाच्या पिंपावर "साखरविरहित" अशी चिठ्ठी होती. मॅनेजरने चिठ्ठीवर विश्वास ठेवला, पाक जिभेवर घोळवला, आवडला आणि थुंकला. प्रयोगशाळेत तपासला तर तो सरळसरळ ग्लुकोजचा पाक निघाला. संध्याकाळपर्यंत सगळे डबे परत गोदामात गेले.

साहेब घरी जाऊन पडून राहिले. नोकरी गेली, यात त्यांना शंका नव्हती. आस्वादकाची जीभ फसली, वर तो टेबलाखाली सापडला! सौ. त्यांच्या कपाळावरचा घाम टिपत होत्या.

"हसलीस तरी चालेल," साहेब म्हणाले.

"हसू कशाला? भर सभेत माझं चुकलं म्हणालात. एवढं माझ्या वर्गातल्या एकाही पोराला जमत नाही." आणि त्यांनी साहेबांचा हात हातातच ठेवला.

दाराची घंटा वाजली. मालकीणबाई स्वतः आल्या होत्या. साहेब धडपडत उठू लागले, तर बाईंनी त्यांना बसवलं.

"राजीनामा लिहून ठेवलाय," साहेब म्हणाले.

"फाडून टाका. जीभ मला कुठेही मिळेल. खरं बोलणारं पोट एकच आहे." बाईंनी बोट उगारलं. "पण यापुढे रोजचे घाणे चाखाल ते थुंकून चाखाल. हा माझा हुकूम. गिळायचं फक्त बिनसाखरेचं, तेही अर्धा चमचा, तेही डॉक्टर शेजारी उभे असताना."

चाखेसाहेबांना थुंकणं शिकायला बरेच दिवस लागले. पहिल्या आठवड्यात त्यांनी मॅनेजरचा बूट रंगवला, तेव्हा मॅनेजरने हूं की चूं केलं नाही. पण खरी गंमत झाली ती बिनसाखरेच्या नव्या घाण्याच्या दिवशी. सगळा कारखाना साहेबांच्या टेबलाभोवती जमला. यंत्रं बंद ठेवली होती. डॉक्टर नाडी धरून उभे होते. सौ.नी शाळेतून सुट्टी काढली होती. साहेबांनी अर्धा चमचा गिळला आणि सगळेजण त्यांच्या पोटाकडे डोळे लावून बसले. कारकून मोठ्याने श्वास घ्यायलाही तयार नव्हता. घाम आला नाही. छाती धडधडली नाही. अर्धा तास झाला.

"शांत आहे!" साहेब उठून उभे राहिले. "पोट शांत आहे!"

कारखाना टाळ्यांनी दणाणला. त्या गदारोळातून बाईंनी साहेबांची बाही ओढली.

"चव कशी आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

साहेबांनी ओठ चाटले. खोटं बोलायची त्यांची आता छाती नव्हती.

"कडवट आहे, बाई. शेवटी चांगलंच कडवट लागतं."

बाईंनी त्यांच्या हातातून कप काढून घेतला, खुर्ची ओढून बसल्या, आणि तळ दिसेपर्यंत खात राहिल्या. मग चमचा चाटून त्या म्हणाल्या, "दुसरा आहे का?"